उपाशी ठेवायचा जंतू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांना नाही. देवासमोर बसले तेव्हा त्यालाही नाही. त्याच्यापुढे मी फक्त पाठ असलेली स्तोत्रं म्हटली.

ईशा, मागे तू फोनवर म्हणालीस की वर्गात तू माझ्याबद्दल बोललीस. 'माझ्या आजीनं दगड विरघळवणारे जंतू शोधून काढले,' असं. तुझ्या बाईंनी सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मी काय म्हणाले? शाब्बास म्हणाले, आणि फोन ठेवून मेथी निवडत बसले. निशांत, तू तर सायन्स घेणार आहेस, आणि कारण विचारलं की माझं नाव सांगतोस. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा सोपं लिहीन. सरळ लिहीन असं वचन मात्र देत नाही — मला स्वतःलाच त्या गोष्टीपाशी जायला वेळ लागतो आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. ते सांगणं सोपं आहे.

नागपूरला एम.एस्सी. करून, लग्न होऊन मी जबलपूरला आले. आजोबा लष्करी सामानाच्या फॅक्टरीत, म्हणून आम्ही रांझीच्या क्वार्टरमध्ये. मला नेपियर टाउनमधल्या एका लहानशा सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली. जुना कौलारू बंगला होता. जिथे पूर्वी कुणी साहेब आंघोळ करत असेल तिथे आम्ही मातीतले जंतू वाढवायचो. ती प्रयोगशाळा केव्हाच बंद झाली.

पासष्टची लढाई आली तेव्हा खताची फार चणचण होती. फॉस्फेटच्या दगडाची पूड नुसती शेतात टाकली तर पिकाला ती खाता येत नाही. तिच्यावर गंधकाचं आम्ल ओतावं लागतं, मग खत होतं. आणि तेच आम्ल बारुदालाही लागतं. ऑफिसात सगळे म्हणायचे, आम्ल गेलं तोफेत, आता गव्हानं दगड चावावेत. मग वरून विचारणा झाली की मातीत असे जंतू असतात ना, जे स्वतःच आम्ल करतात? असतात. ते साखर खातात, पण पुरती जाळत नाहीत. अर्धी जाळून बाहेर टाकतात, आणि ती बाहेर टाकलेली आंबट वस्तू दगड विरघळवते. असा एखादा तगडा जंतू सापडला तर बियाण्याला चोळून पेरता येईल. तो शोधायचं काम आमच्याकडे आलं.

शोधायची रीत अशी. साखर आणि न विरघळणारं फॉस्फेट घालून केलेली खळ काचेच्या प्लेटमध्ये ओतायची. थिजली की ती पातळ ताकासारखी पांढुरकी दिसते. तिच्यावर जंतूचा ठिपका द्यायचा. जंतूनं आम्ल केलं, तर ठिपक्याभोवतीचा पांढुरकेपणा जातो आणि स्वच्छ, आरपार दिसणारं कडं उमटतं. आम्ही त्याला वलय म्हणायचो. वलय जेवढं मोठं तेवढा जंतू कामाचा.

माझ्या प्लेटींत वलय यायचं ते केसाएवढं. कधी तेही नाही.

मोठं वलय आलं ते विमलच्या प्लेटीत. विमल माझ्याबरोबर काम करायची — माझ्याहून लहान, माझ्यासारखीच एम.एस्सी., अमरावतीकडची. वडील रेल्वेत होते, ते गेलेले. आईला घेऊन अधारतालला एका खोलीत राहायची. धाकटा भाऊ बंडू फौजेत. विमलच्या टेबलावर शेंगदाण्याची टरफलं असायची, पेन्सिल कायम केसांत खोचलेली आणि कायम हरवलेली. माझ्या टेबलावर नळ्या एका ओळीत, चिठ्ठ्या एका अक्षरात. कुणी पाहुणे आले की डॉक्टरसाहेब, म्हणजे आमचे मुख्य, आधी माझं टेबल दाखवायचे. 'देखिए, काम ऐसा होना चाहिए.' आणि मग वलय दाखवायला तिच्या टेबलाकडे न्यायचे.

अधारतालच्या एका शेतातून अरहरीच्या, म्हणजे तुरीच्या, मुळांभोवतीची काळी माती तिनं बरणीत भरून आणली होती. त्या मातीतून तिनं हा जंतू काढला. पहिल्यांदा वलय आलं तेव्हा तिनं प्लेटीखाली वर्तमानपत्र धरलं आणि मला हाक मारली. "ताई, वाचा बरं, काय लिहून हाये?" मी वाचलं. सिनेमाची जाहिरात होती. आम्ही दोघी हसलो. साहेब हसले. संध्याकाळी रांझीच्या बसमध्ये मी घरी पोचेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. ही गोष्ट तिथून सुरू होते. मी आजवर ती स्वतःलाही नेहमी त्यानंतरपासून सांगत आले.

लढाईत बंडू जखमी झाला. पंजाबातल्या फौजी इस्पितळातून तार आली, आणि विमल आईला घेऊन निघाली. किती दिवस लागतील ते कुणालाच माहीत नव्हतं. निघायच्या सकाळी ती तिच्या नळ्या माझ्याकडे घेऊन आली.

"ताई, याले उपाशी ठेवजा बरं. लाडावू नका. पोट भरलं का हातपाय हलवत नाही हा — आमच्या बंडूसारखा."

बोलून गेली आणि थांबली. बंडूच्या पायाला लागलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, तू जा, मी आहे ना.

उपाशी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं त्यात आहे. जंतूला दर आठवड्याला नव्या खळीवर न्यावं लागतं, नाहीतर तो मरतो. पण कोणत्या खळीवर? ज्याला फॉस्फरस आयता मिळतो आणि पोट भरायला दुसरं सोपं अन्न मिळतं, तो जंतू आम्ल करायचं काम बंद करतो. कशाला करील? एखाद्या वेळी झालं तर पुन्हा उपाशी ठेवल्यावर तो सुधारतो. पण आठवड्यामागून आठवडे तसंच चाललं, तर ज्यांनी ती सवय कायमची टाकली आहे ते भराभर वाढतात, आणि आम्ल करणारे त्यांच्या गर्दीत संपून जातात. म्हणून त्याला फक्त त्या पांढुरक्या खळीवरच वाढवायचं. हे विमलला कळत होतं. मलाही कळत होतं.

ती खळ करणं हे कंटाळवाणं काम. फॉस्फेट खलात घोटायचं, वस्त्रगाळ करायचं, आणि ओतताना सारखं ढवळायचं, नाहीतर पूड तळाशी बसते. अख्खी दुपार जायची. आणि भिंतीशी मांसाच्या अर्काच्या खळीच्या नळ्या तयार असायच्या — इतर कामांसाठी मीच केलेल्या, ओळीनं लावलेल्या, सगळं अन्न आयतं असलेल्या.

पहिल्या सोमवारी मी त्यातली एक नळी घेतली. बस चुकली असती. ब्लॅकआउटच्या सवयीनं प्रयोगशाळा लवकर बंद व्हायची, आजोबांच्या दोन-दोन पाळ्या, तुमचे बाबा लहान आणि शेजारी पांडेजींच्या घरी ठेवलेले. ही कारणं खरी आहेत. पण पांडेकाकूंनी एक तासभर जास्त सांभाळायला कधी नाही म्हटलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नाही. म्हटलं, एवढाच आठवडा.

दुसऱ्या सोमवारी पण एवढाच आठवडा.

शेजारीण गावाला गेली की तिचं विरजण आपण सांभाळतो ना? चांगल्या दुधात घालतो, आणि परत आल्यावर तीच म्हणते, तुमच्याकडे दाट झालं. तसंच काहीसं मला वाटलं — असं मी पुढे कित्येक वर्षं मनाशी म्हणत आले. ते खोटं आहे. विरजण मी मागाहून जोडलं. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. मला काम चुकवायचं होतं, आणि ते काम तिचं होतं. माझं असतं तर मी दुपारभर घोटलं असतं.

जंतू देखणा वाढला. लोण्यासारखा तुकतुकीत. मला कौतुकसुद्धा वाटलं. त्याच दिवसांत धान्य वाचवायला सोमवारी संध्याकाळी जेवायचं नाही असं सगळ्या देशाला सांगितलं होतं. आमच्या घरी मी ते काटेकोर पाळलं, तुमच्या बाबांना नुसतं दूध दिलं, शेजारणींना उपदेश केला. आणि दर सोमवारी त्या जंतूला पोटभर वाढून आले.

संक्रांत उलटल्यावर विमल परतली. बंडूचा पाय काढावा लागला होता. ती वाळली होती, केसांत पेन्सिल नव्हती. आल्या आल्या तिनं माझ्याकडून नळ्या घेतल्या, उजेडात धरल्या, आणि म्हणाली, "मस्त ठेवल्या हो ताई." तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मला सांगून टाकायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं, बरणीत माती होती, ती हसून पुन्हा कामाला लागली असती. मी म्हणाले, "चहा घे आधी."

तिनं प्लेटी लावल्या. वलय आलं नाही.

पुन्हा लावल्या. नाही. तिनं काचा परत धुतल्या, फॉस्फेट नवं घोटलं, साखरेची बाटली बदलली. मला पहिल्याच प्लेटीत कळलं होतं. मी माझ्या टेबलावर बसून चिठ्ठ्या लिहीत राहिले आणि ती माझ्यासमोर दिवसभर घोटत राहिली. तो खलाचा आवाज — पण असू दे, आवाजाचं काय. भोपाळहून मोठे अधिकारी वलय पाहायला येणार होते. त्यांना कळवून झालं होतं.

साहेबांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. घाबरलेला माणूस काय करतो हे मला माहीत होतं, कारण मीही घाबरलेली होते. विमल माझ्याकडे वळली. संशयानं नाही. गणितात कुठे चुकलं हे दोघींनी मिळून शोधावं, तशी.

"ताई, तुम्ही याले उपाशीच ठेवलं होतं ना?"

"हो गं. तू सांगितलंस तसंच. दर सोमवारी."

'दर सोमवारी' मी का जोडलं? खोटं नीटनेटकं दिसावं म्हणून. मला सगळंच नीटनेटकं लागायचं.

साहेब म्हणाले, "तो पहले जो हमने देखा, वो क्या था, विमलजी?" ती म्हणाली, मला महिनाभर द्या, बरणीत माती आहे, मी पुन्हा काढते. मग साहेबांनी मला विचारलं, "बहनजी, आप बताइए. ऐसा रिंग हाथ से बन सकता है?"

आता इथे मी आले. इतकी पानं मी इथेच येत होते. वरचं खोटं तुम्ही एखाद वेळेस समजूनही घ्याल — भीती वाटली, तोंडातून निघून गेलं. पण हे खोटं नव्हतं. हे मी विचार करून, शांतपणे, इंग्रजी शाळेत बाई विचारतील तेव्हा उभं राहून द्यावं तसं उत्तर दिलं.

"जी, बन सकता है. तेजाब की एक बूँद काफी है."

शब्दन् शब्द खरा. त्या पांढुरक्या खळीवर आम्लाचा थेंब टाकला की तसंच वलय उमटतं. कुणीही करून पाहावं. मी विमलवर आरोप केला नाही. मी फक्त रसायनशास्त्र सांगितलं. आणि विमलनं काय केलं माहीत आहे? तिनं मान डोलावली. कारण उत्तर बरोबर होतं.

तिला काढून टाकलं असं कागदावर कुठे नाही. तिची नोकरी दरवर्षी वाढवून मिळायची, त्या वर्षी मिळाली नाही, एवढंच. पण ऑफिसात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. क्लार्क लोक तिला पाठीमागे 'बूँदवाली' म्हणायला लागले. एकदा ती व्हरांड्यातून जात असताना कुणी तरी मोठ्यानं विचारलं, "क्या विमल दीदी, एक बूँद हमारी चाय में भी?" सगळे हसले. मीही तिथे होते. मी हसले नाही. मी हसले नाही याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं — बघा माणूस कसा असतो. तिनं अधारतालला लहान मुलांच्या एका शाळेत नोकरी धरली. एम.एस्सी. झालेली मुलगी, मुळाक्षरं गिरवून घ्यायची. घरात म्हातारी आई आणि एका पायाचा भाऊ.

भोपाळचे लोक येऊन, नाराज होऊन गेले. मग एके दिवशी मी तिची बरणी फडताळातून काढली.

का काढली? तिच्यावरचा डाग पुसायला? तसं असतं तर मी आज हे लिहीत नसते. मी त्या मातीतून जंतू काढला, पांढुरक्या खळीवर लावला, आणि वलय आलं. तेवढंच मोठं. आरपार. विमल खरी होती याचा पुरावा माझ्या हातात होता आणि साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी प्लेट घेऊन आत गेले. आत जाऊन म्हणाले, "सर, मुझे मिल गया." माती कुठली विचारलं, तर पनागरच्या बाजूच्या एका शेताचं नाव सांगितलं. विमलला जमलं नाही ते तुम्हाला कसं जमलं, विचारलं. मी म्हणाले, "सफाई, सर."

त्या जंतूला मात्र मी उपाशी ठेवलं. एकही सोमवार चुकवला नाही. दुपार दुपार फॉस्फेट घोटलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. माझी बढती, माझं नाव छापून आलं ते, निवृत्तीच्या दिवशीची भाषणं, दिवाणखान्यातला तो फोटो ज्यात मी प्लेट उजेडात धरून उभी आहे. तुमच्या बाबांनी तो मोठा करून घेतला. आणखी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे हिशेब अर्धा राहायला नको. तो जंतू शेतकऱ्याच्या काही कामाचा ठरला नाही. प्लेटीत दगड विरघळवायचा, पण आपल्या इकडच्या काळ्या मातीत गेला की त्यानं केलेलं आम्ल ती मातीच पिऊन टाकायची. एका दाण्याचाही फरक पडला नाही. म्हणजे विमलचं जे गेलं ते देशासाठी गेलं, लढाईसाठी गेलं, भुकेसाठी गेलं — असंसुद्धा म्हणायची सोय नाही. ते माझ्या बढतीसाठी गेलं.

विमल आता नाही. मागच्या वर्षी अधारतालच्या एका बाईंकडून कळलं. तिच्या पश्चात मी हे लिहिते आहे; ती होती तोवर लिहिलं नाही. रांझीहून अधारताल किती लांब आहे? जबलपूरच्या कुठल्याही ऑटोवाल्याला विचारा, तो हसेल. तेही माझ्या खात्यावर धरा.

एकदा भेटली होती. माझ्या निवृत्तीनंतर, नेपियर टाउनमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यात. डोळ्यांत औषध घालून बाकावर बसवलं होतं, मला नीट दिसत नव्हतं. शेजारून आवाज आला, "ताई? मी विमल." मुलाबाळांची विचारपूस केली. तुम्ही दोघं तेव्हा झालेले होतात. नावं विचारली, छान आहेत म्हणाली. मग माझ्याजवळ सरकली.

"ताई, एक सांगू काय? मी लय वर्षं विचार केला. मले वाटते माझीच बाटली खराब असन. आम्लाची बाटली धुतली नसन मी नीट, त्याच बाटलीतल्या पाण्यात जंतू कालवून ठिपका देला असन. मले कुठं होती तुमच्यासारखी सफाई. मी मुद्दाम नाही केलं ताई, देवाशपथ. पण वलय तेच्यानंच आलं असन. मले उगीच वाटलं का माह्या जंतूनं केलं."

मी डोळ्यांवर रुमाल दाबत राहिले. तिला वाटलं असेल, मी ऐकते आहे.

"तुमच्या नावालेही बट्टा लागला असता माह्यापायी. तुम्ही एवढ्या जपून ठेवल्या होत्या नळ्या. तुमची माफी मागाची होती, पण यायची हिंमत नाही झाली."

मी तिला म्हणाले, "जाऊ दे विमल. होतं असं. मी कधी मनात ठेवलं नाही."

तिनं माझा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आतून कंपाउंडरनं तिचं नाव पुकारलं, आणि ती उठून गेली.